शेताला गेलेली गाडी रिकामी परतू नये : जैन उद्योगसमूहाची साठ वर्षे

भवरलाल हिरालाल जैन यांना सहकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ‘मोठेभाऊ’ म्हटले. कागदोपत्री ते जैन उद्योगसमूहाचे अध्यक्ष होते, संस्थापक होते; पण नाव चिकटले ते घरातल्या थोरल्या माणसाचे. या उद्योगात पगारावर काम करणाऱ्यालाही ‘सहकारी’ म्हणण्याचा रिवाज आहे. त्यामुळे पुढे जिथे मोठेभाऊंचे नाव येईल, तिथे हे सगळे सहकारी त्यात धरलेले आहेत असे वाचकांनी समजावे. साठ वर्षांत हजारो माणसांनी हे काम उभे केले. त्यांची यादी द्यायची तर वेगळा ग्रंथ लागेल.

या इतिहासाला एक सूत्र आहे. खेड्यातला व्यापारी सहसा एकाच दिशेने चालतो. कोणी शेतकऱ्याला बियाणे, खत, औषध विकतो. कोणी त्याचा माल विकत घेतो. विकणाऱ्याला पीक बुडाल्याचे दुःख उधारी बुडण्यापुरते असते आणि घेणाऱ्याला भाव पडल्याचा आनंद होतो. जैनांच्या घरचा व्यवहार हळूहळू दोन्ही बाजूंनी होत गेला. जी गाडी पाईप घेऊन शेतावर गेली, तिनेच परतताना कांदा आणावा, असा हा व्यवहार. तो जमायला तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि वाटेत चुकाही झाल्या.

पूर्वपीठिका : वाकोद

जळगावहून अजिंठ्याकडे जाताना, लेण्यांचा डोंगर जवळ आला की जामनेर तालुक्यातले वाकोद लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मारवाडातून, जोधपूरकडच्या अगोलाईहून, हे कुटुंब पाणी आणि पोट यांच्या शोधात इथे आले आणि शेतीत व छोट्या व्यापारात रुजले. १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलाल यांचा जन्म याच गावात झाला. आई गौराबाई. घरात शेतीही होती आणि तराजूही होता.

वाणिज्य आणि कायदा या विषयांचे शिक्षण मुंबईत झाले. राज्य शासनाच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या नोकरीसाठी निवडही झाली. त्या काळी खेड्यातल्या मुलाने साहेब होणे म्हणजे साऱ्या गावाला अभिमान. तरीही नोकरी घ्यायची नाही असे ठरले, आणि त्यात आईचा शब्द महत्त्वाचा ठरला. एका घराचे पोट भरेल असे काम करण्यापेक्षा माणसांना, गुराढोरांना, पाखरांनाही ज्याचा आधार होईल असे काम कर, असा तिच्या सांगण्याचा आशय होता. शाळेत फारशी न शिकलेल्या बाईने दिलेला हा सल्ला मोठेभाऊ अखेरपर्यंत सांगत राहिले.

१९६३ ते १९७० : रॉकेलची हातगाडी

तीन पिढ्यांची शिल्लक ७,००० रुपये निघाली. १९६३ मध्ये तेवढ्या भांडवलावर रॉकेलचा धंदा सुरू झाला. हातगाडीवरून रॉकेल विकणारा कायद्याचा पदवीधर हे दृश्य अनेकांना विचित्र वाटले असणार. पण त्या काळच्या खानदेशात घरोघरी दिवा, कंदील आणि स्टोव्ह रॉकेलवर चालत होते, आणि रोज गिऱ्हाइकाच्या दारात जाणाऱ्याला त्याच्या घरची स्थिती आपोआप कळत होती.

भाऊबंदांच्या भागीदारीत ‘जैन ब्रदर्स’ची पेढी आकार घेऊ लागली. पेट्रोल-डिझेल, मोटारसायकली, मग ट्रॅक्टर, खते, बियाणे, कीटकनाशके अशा एकामागून एक एजन्स्या आल्या. शेती हा भविष्य असलेला व्यवसाय आहे, या अर्थाचे एक इंग्रजी वचन मोठेभाऊंच्या वाचनात आले होते. ते त्यांनी मनावर घेतले आणि दुकानातला माल त्या दिशेने बदलत नेला. हरितक्रांतीचे वारे तेव्हा नुकते महाराष्ट्रात पोचत होते. संकरित ज्वारी आणि रासायनिक खत या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला नव्या होत्या. त्या विकायच्या तर आधी समजावून सांगाव्या लागत. दुकानदाराला शिक्षक व्हावे लागले, आणि पुढे ठिबकच्या वेळी हीच सवय कामी आली.

१९७१ ते १९८० : दुष्काळ, आणि पपईचा चीक

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राची शेती मुळापासून हलवली. माणसे खडी फोडायला गेली, गुरे विकली गेली, विहिरी तळाला लागल्या. शेतमालावर चालणारी प्रत्येक पेढी त्या वर्षांत कसोटीला लागली. जैनांच्या पेढीचा व्यापार तरीही वाढत राहिला. सुरुवातीला १० लाखांच्या घरात असलेली वार्षिक उलाढाल १९७८ पर्यंत सुमारे ११ कोटींवर गेली. व्यापारी म्हणून समाधानाने थांबावे असा तो आकडा होता.

ते थांबले नाहीत. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा १४ वर्षे जुना एक कारखाना विक्रीला निघाला. ३० लाख रुपये ही बोली त्या यंत्रांच्या मानाने चढीच होती, आणि पैसा जवळपास सगळा कर्जाऊ. घेतल्यावर लक्षात आले की केळीची भुकटी परवडणार नाही. मग त्याच यंत्रांत फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन तयार करायचे ठरले. डिसेंबर १९७८ मध्ये ते उत्पादन सुरू झाले.

हे काम नाजूक आहे. झाडावरच्या हिरव्या, न पिकलेल्या फळाला पहाटे बारीक उभे चरे द्यायचे, त्यातून गळणारे दूध भांड्यात धरायचे, ते खराब होण्याआधी कारखान्यात पोचवायचे, वाळवायचे, शुद्ध करायचे. मांस मऊ करण्यापासून बिअर निवळ ठेवण्यापर्यंत आणि पचनाच्या औषधांपर्यंत या पपेनला जगभर मागणी होती. जळगावच्या शुद्ध पपेनने परदेशी बाजारात लवकरच पहिल्या रांगेत जागा मिळवली.

माझ्या मते या संस्थेचा खरा जन्म इथे झाला. आतापर्यंत ही पेढी शेतकऱ्याला माल विकत होती. पपेनमुळे पहिल्यांदाच ती मोठ्या प्रमाणावर त्याच्याकडून काही विकत घेऊ लागली. चीक सकाळी किती लवकर काढला, भांडे स्वच्छ होते की नाही, यावर कारखान्याचा माल अवलंबून राहिला. शेतकऱ्याच्या हातातली काळजी आणि कारखानदाराचा नफा एकाच दोरीने बांधले गेले.

१९८१ ते १९९० : पाईप, मग ठिबक

१९८० मध्ये वर्षाला अवघ्या ३०० टन क्षमतेने पीव्हीसी पाईपांचे उत्पादन सुरू झाले. त्याआधी विहिरीचे पाणी शेताच्या टोकापर्यंत न्यायचे तर मातीचा पाट हाच मार्ग होता. पाटात पाणी जिरायचे, बांध फुटायचे, आणि दारं धरायला रात्रभर माणूस चिखलात उभा. लोखंडी किंवा सिमेंटचे पाईप महाग आणि जड. वीस फुटी पीव्हीसी पाईप मात्र एकटा गडी खांद्यावर टाकून बांधावरून नेऊ शकत होता. पुढच्या दीड दशकात उत्पादन हजारो टनांवर गेले आणि जैनांचा बांभोरीचा प्लॅस्टिक पार्क जळगावची ओळख झाला.

तरीही पाईपने पाणी फक्त शेताच्या कडेपर्यंत आले होते. पिकाच्या मुळाशी ते कसे पोचावे, हा प्रश्न बाकी होता. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात तो सगळ्यात तीव्र होता. केळीला पाणी भरपूर लागते, विहिरी खोल जात होत्या, कूपनलिका त्याहून खोल. इस्राएलमध्ये सिम्चा ब्लास यांनी विकसित केलेली ठिबकची पद्धत तोवर तिथल्या आणि अमेरिकेतल्या शेतांवर रुळली होती. मोठेभाऊंनी ती परदेशात पाहिली आणि भारतीय शेतकऱ्याला पेलेल अशा रूपात आणायचे ठरवले. ३० डिसेंबर १९८६ रोजी ‘जैन इरिगेशन सिस्टिम्स’ या कंपनीची नोंदणी झाली, आणि दशकाच्या अखेरीस ठिबकचे काम जोरात सुरू झाले. महाराष्ट्र शासनानेही याच सुमारास ठिबकला अनुदान देणे सुरू केले. त्याचा लाभ साऱ्या राज्याला झाला हे इथे नोंदवले पाहिजे.

अनुदान असले तरी शेतकऱ्याच्या मनातली शंका जाणे सोपे नव्हते. वाफा तुडुंब भरल्याशिवाय पिकाला पाणी मिळाले असे ज्याला वाटत नाही, त्याला थेंब दाखवून समाधान कसे व्हावे? विहिरीच्या क्षारांनी ड्रीपर बुजत, उंदीर नळ्या कुरतडत, फिल्टर धुवायचा राहून जाई. नळी विकून मोकळे होणाऱ्याचा हा धंदाच नव्हता. म्हणून कंपनीच्या कृषितज्ज्ञांनी आणि विक्रेत्यांनी जमिनीची मोजणी करून आराखडा काढला, पाणी तपासले, आम्लप्रक्रिया शिकवली, व्हेंचुरी या साधनातून नळीत विद्राव्य खत कसे सोडायचे ते बांधावर बसून दाखवले. मोटारसायकलवर पिशवी अडकवून गावोगाव फिरलेली ही तरुण पिढी या दशकाची खरी नायक आहे. त्यांतले अनेक जण शेतकऱ्यांचीच मुले होती, आणि शेतकऱ्याने आपल्या मुलासारखे त्यांचे ऐकले.

१९९१ ते २००० : केळी, कांदा आणि एक महागडा धडा

या दशकात खानदेशच्या केळीचा चेहरा बदलला. पूर्वी मुनवे लावून केळीची बाग धरत. पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की पावसाळ्याअखेर लावलेली कांदेबाग, झाडे मागेपुढे निसवत, कापणी महिनोन्‌महिने चाले, आणि पीक हाती यायला दीड वर्ष लागे. ऊतिसंवर्धनाने तयार केलेली ‘ग्रँड नैन’ची रोपे, ज्यांना शेतकरी ‘टिश्यूची केळी’ किंवा ‘जी-नाइन’ म्हणतात, ती एकसारखी वाढतात, जवळपास एकाच वेळी निसवतात आणि साधारण वर्षभरात कापणीला येतात. घड मोठा, फणी सरळ. रोप, ठिबक आणि नळीतून खत हे तिन्ही एकत्र आले तेव्हाच हा बदल झाला. यातले एक जरी नसते तरी बाकीची दोन अपुरी पडली असती. प्रयोगशाळेत निर्जंतुक कक्षात बसून बोटाएवढ्या कोंबाचे तुकडे करणाऱ्या मुलींच्या हाताचे कौशल्य या साऱ्यामागे आहे. त्यांची नावे कोणत्याही पुरस्कारपत्रात येत नाहीत.

दशकाच्या मध्याला फळप्रक्रिया आणि कांदा निर्जलीकरण सुरू झाले. आंब्याचा गर काढणे आणि पांढऱ्या कांद्याचे काप वाळवणे, दोन्ही मुख्यतः निर्यातीसाठी. इथे एक मोठी अडचण होती. आपल्याकडचा लाल कांदा खायला उत्तम, पण वाळवायला परवडत नाही. त्यात पाणी जास्त, घनभाग कमी. लागतो तो घनभाग अधिक असलेला पांढरा कांदा, आणि त्याला स्थानिक बाजारात फारसे गिऱ्हाईक नाही. जो माल बाजारात खपत नाही तो शेतकऱ्याने का लावावा? यातून पुढे करारशेती आली. बियाणे आणि मार्गदर्शन कंपनीचे, जमीन आणि मेहनत शेतकऱ्याची. किमान भाव आधीच ठरलेला. बाजार वर गेला तर त्याप्रमाणे चढा दर, पडला तर किमान भाव पक्का. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव एका आठवड्यात कसा कोसळतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या किमान भावाचे मोल सांगावे लागत नाही. पपईच्या चिकाने सुरू झालेला दुतर्फा व्यवहार इथे पूर्णत्वाला गेला.

याच दशकात उद्योगाने शेतीबाहेरही हातपाय पसरले. वित्त, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा क्षेत्रांत केलेली गुंतवणूक अंगाशी आली आणि मोठा तोटा झाला. मोठेभाऊंनी ही चूक भागधारकांसमोर उघडपणे मान्य केली, ते धंदे बंद केले आणि उद्योग पुन्हा शेतीपाशी आणून ठेवला. त्या दिवसांत मतमतांतरे झाली असतील. पण घर एकत्र राहिले आणि सहकारी सोडून गेले नाहीत, हे संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्याच कठीण काळात, १९९७ मध्ये, अमेरिकेतील सिंचन संघटनेचा ‘क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार’ मोठेभाऊंना मिळाला.

२००१ ते २०१० : जगाच्या बाजारात

नव्या शतकात ताळेबंद सावरला आणि कंपनी परदेशात गेली. २००६-०७ च्या सुमारास अमेरिकेतील ठिबक आणि कांदा-प्रक्रियेच्या कंपन्या घेतल्या. इस्राएलच्या ‘नानदान’ या नामवंत ठिबक कंपनीचा निम्मा हिस्सा २००७ मध्ये आणि पुढे २०१२ मध्ये उरलेलाही जैनांकडे आला. ज्या देशाकडून ठिबक शिकलो तिथल्याच कारखान्यावर जळगावचे नाव लागले, याचा अभिमान खानदेशात आजही व्यक्त होतो.

देशातही ठिबक बागायती पट्ट्यांपुरते राहिले नाही. ऊस, डाळिंब, संत्रा, हळद, मिरची आणि कापूस या पिकांना ते लागू झाले. वर्धा जिल्ह्यातल्या गिरड-समुद्रपूरकडच्या काळ्या, भेगाळणाऱ्या रानातला कापूस घ्या. तिथे पाऊस लांबला की बोंडे भरण्याच्या ऐन वेळी झाड उभ्याने सुकते. विहिरीत थोडे पाणी असले तरी मोकाट दिले तर ते दोन-चार ओळींत संपते, नळीतून दिले तर साऱ्या शेताला एक पाणी मिळते. विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हे एक पाणी फार मोठे आहे, आणि त्याच्या पिकाला ते मिळावे यासाठी अजून पुष्कळ काम बाकी आहे.

२००७ मध्ये जळगावात ‘अनुभूती’ निवासी शाळा सुरू झाली. २००८ मध्ये मोठेभाऊंना पद्मश्री मिळाली. पत्नी कांताबाई यांच्या निधनानंतर त्यांनी लिहिलेले ‘ती आणि मी’ हे पुस्तक घरोघरी वाचले गेले. कोणत्याही ताळेबंदात न मावणारी माणुसकी त्यात आहे. कवी ना. धों. महानोर यांच्याशी त्यांची मैत्रीही अशीच, शेतीतून जुळलेली. पळसखेड्याच्या त्या कवीला पाणी अडवणे आणि जिरवणे हा विषय कवितेइतकाच जवळचा होता.

२०११ ते २०२० : मोठेभाऊंचे जाणे

शिरसोली रस्त्यावरची जैन हिल्स ही टेकडी एकेकाळी उघडीबोडकी होती. समतल चर, बांध, शेततळी आणि झाडे यांनी तिचे रूप पालटले. पावसाचे पाणी टेकडीवरच अडले आणि खडकावर फळबागा उभ्या राहिल्या. देशभरातून येणाऱ्या शेतकऱ्यांना तिथे व्याख्यान थोडे आणि शेत जास्त दाखवतात. याच टेकडीवर जोधपुरी दगडात ‘गांधी तीर्थ’ बांधले गेले. २५ मार्च २०१२ रोजी जळगावच्याच कन्या असलेल्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गांधी रिसर्च फाउंडेशनच्या उभारणीत न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांचे मार्गदर्शन मोलाचे होते. वर्ध्याच्या गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढलेला हा माणूस जळगावच्या कामात मनापासून रमला. एका उद्योगपतीने आपल्या सर्वांत देखण्या वास्तूत आपला नव्हे, गांधीजींचा जीवनपट मांडावा, यातून मोठेभाऊंची वृत्ती कळते.

हृदयविकाराने त्यांना पूर्वीपासून पुन्हापुन्हा गाठले होते. प्रत्येक दुखण्यातून उठून ते कामाला लागत, आणि म्हणूनच या वेळीही उठतील असे सगळ्यांनी धरले होते. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ७८. जळगावात जैन हिल्सवर अंत्यसंस्कार झाले. उद्योगक्षेत्रातली आणि राजकारणातली मंडळी आली, तशीच धोतर-टोपीतली माणसेही मोठ्या संख्येने आली, ज्यांचा त्यांच्याशी संबंध एका नळीचा, एका रोपाचा किंवा काट्यावर तोललेल्या कांद्याचा होता. कारखानदार गेल्यावर कामगार रडतात हे आपण पाहतो. ज्यांना आयुष्यभर माल विकला आणि ज्यांच्याकडून माल घेतला, त्यांनीही रडावे हे व्यापारात क्वचित घडते.

जबाबदारी अशोक, अनिल, अजित आणि अतुल या चार मुलांनी वाटून घेतली. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात रामथळचा सामूहिक ठिबक प्रकल्प याच दशकात साकारला. नदीचे पाणी थेट हजारो शेतांच्या नळ्यांपर्यंत नेणारा हा आशियातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक. दशकाच्या शेवटी मात्र वाढते कर्ज, अडकलेली येणी आणि मागोमाग आलेला कोरोना यांनी कंपनीला घेरले. पगार, देणी, बँका या साऱ्यांचा ताण सहकाऱ्यांनी सोसला. टाळेबंदीतही शेताला लागणारा माल बाहेर पडत राहिला.

२०२१ नंतर

२०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. २०२३ च्या मार्चमध्ये नानदानसह परदेशातला सिंचन व्यवसाय ‘रिव्हुलिस’ या कंपनीत विलीन करण्यात आला, आणि त्यातून कर्जाचा मोठा भार उतरला. विलीन झालेल्या जागतिक कंपनीत जैनांचा हिस्सा राहिला. पण कामाचे केंद्र पुन्हा भारत झाले. नानदान ज्यांनी उभी केली आणि चालवली, त्या सहकाऱ्यांना हा निर्णय सोपा गेला नसेल. तरी घर वाचवायला तो घ्यावाच लागला.

आज कंपनी पाईप, ठिबक, तुषार संच आणि सौर पंप बनवते. केळी आणि डाळिंबाची ऊतिसंवर्धित रोपे तयार होतात. कांदा, आंबा आणि इतर फळांवर प्रक्रिया होते. मातीशिवाय किंवा कमी जागेत रोपवाढीचे प्रयोग, हवामानाची नोंद घेऊन पाणी आणि खत ठरवणारी स्वयंचलित यंत्रणा, वादळात टिकून राहील अशी केळीची बाग, यांवर जैन हिल्सवर काम सुरू आहे. खानदेशात मे-जूनच्या वाऱ्याने उभी बाग एका दुपारी आडवी होते. म्हणून वाऱ्याला अडवणारी झाडांची कुंपणे, झाडांना बांधण्याच्या पद्धती आणि बुटक्या जाती यांच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या बागांमध्येच घेतल्या जातात. पांढऱ्या कांद्याच्या करारासाठी गावोगाव बैठका होतात, आणि बियाण्याच्या पिशव्या घेऊन निघालेल्या गाड्यांमध्ये आता त्या शेतकऱ्यांची मुले बसलेली असतात, ज्यांच्या वडिलांनी याच कंपनीचा पहिला ठिबक संच बसवला होता.